भिंतीच्या नाकपुड्या

आमचे घरमालक सकाळी उठले की आधी देवाला नमस्कार करत नसत, तोंडही धूत नसत. अंगणात उभे राहून एक डोळा मिटायचे आणि मागच्या डोंगराला विचारायचे, "काय, झोप लागली का?" मग पडवीत येऊन मला निकाल सांगायचे. "रात्रभर पीत होता. आता पोट डब्ब झालंय." नवीन होतो तेव्हा मला वाटायचं, शेजारच्या कुणाबद्दल बोलतायत. रात्रभर पिऊन सकाळी पोट धरून बसणारे आमच्या गावात कमी नव्हते. पण त्यांची चौकशी घरमालक कधीच करत नसत. माणसांचं त्यांना काही पडलेलं नव्हतं.

मी तेव्हा गावच्या शाळेत नुकताच लागलेला मास्तर. अलिबागला चार बुकं शिकलो होतो, नाटकात दोन वेळा भालदार झालो होतो, एवढी माझी पुंजी. आगरदांड्याच्या धक्क्यावर उतरलो, बैलगाडीनं गावात आलो आणि जिथं खोली रिकामी होती तिथं ट्रंक टेकवली. खोली रिकामी का होती, ते पहिल्याच रात्री कळलं. अट अशी होती, की झोपताना पाय डोंगराकडे आणि डोकं समुद्राकडे करायचं.

"का हो तात्या?" मी विचारलं. गावात सगळे त्यांना तात्याच म्हणत.

"डोंगर आला तर आधी पाय धरील. तेवढ्यात तू ओरडशील. डोकं तिकडे केलंस तर ओरडणार कशानं?"

मी घाबरून म्हटलं, "म्हणजे डोंगर या घरावर येणार?"

"माझ्या घरावर?" त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "खाली कातळ आहे. ऐक आवाज. माझ्या घरावर यायची त्याची हिंमत नाही."

"मग पाय कशाला तिकडे?"

"सवय असलेली बरी."

तात्यांची अख्खी नोकरी घाटातल्या रेल्वेच्या लाइनीवर गेली. पावसाळाभर दरडींवर नजर ठेवायची, हे काम. तिथं म्हणे त्यांनी एकदा गोऱ्या साहेबाला सांगितलं, "साहेब, हा डोंगर गरोदर आहे." साहेबाला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं गाडी थांबवली, आणि थोड्या वेळानं दरड आली. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की शेवटी शेवटी साहेबाचं मराठी सुधारत चाललं होतं. नोकरी सुटली, पण कोट सुटला नाही. काळा, पितळी बटणांचा. पावसात त्यावर पानांचं इरलं घालून ते डोंगर चढायला लागले, की खालून बघणाऱ्याला वाटावं, एखादं सरकारी कासव तपासणीला निघालंय.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. तपकिरीची चिमूट नाकाशी न्यायची, शिंक अर्ध्यावर अडवून धरायची आणि म्हणायचं, "पाऊस पडतो त्याचं मला काही नाही. पडून जातो कुठे, ते सांग." आणि मग शिंक. ती अशी यायची की गोठ्यात म्हैस उठून उभी राहायची.

पाऊस पडून जातो कुठे, याचं गावाकडे सोपं उत्तर होतं. समुद्रात. पण तात्यांना ते पटायचं नाही. ते म्हणायचे, डोंगराच्या माथ्यावरचा जांभा दगड म्हणजे नुसती जाळी. पडेल तेवढं पाणी गिळतो. खाली आहे चिकण माती. तिच्यातून पाणी पलीकडे जात नाही, मग ते आतल्या आत साठतं, सरकतं, वाट शोधतं. "वर जाळी आणि खाली लोणी. आणि त्या लोण्याच्या टोकाला तुम्ही घरं बांधून बसलायत." घरं म्हणजे डोंगराच्या अगदी पायथ्याची चार. ओढ्यापलीकडे कातळावर देऊळ होतं, त्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "देवाला जागा निवडता आली. तुम्हाला नाही." एवढं कौतुक करूनही देवळात मात्र ते पाऊल टाकत नसत.

आता यात एकच अडचण होती. तात्या दरवर्षी सांगायचे, की यंदा डोंगर येणार, आणि डोंगर काही यायचा नाही. मुंबईचा पाहुणा जसा दर सुट्टीत येतो म्हणतो आणि येत नाही, तसं चाललेलं. त्या चार घरांतल्या लोकांनी पहिल्या पहिल्या वर्षी बोचकी बांधली होती म्हणे. पुढे पुढे तात्या दिसले की पोरंच विचारायची, "तात्या, डोंगर कुठवर आला? धक्क्यावर उतरला का?"

मी गेलो त्या वर्षीच त्यांनी रंगाचा पराक्रम केला. डोंगरमाथ्यावर एक लांब भेग पडली होती. त्या भेगेत जाणारं पाणी कुठं निघतं, हे त्यांना बघायचं होतं. वाण्याकडून लुगडी रंगवायच्या जर्मन रंगाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या पुड्या आणल्या, भर पावसात वर चढले आणि सगळा रंग भेगेत ओतला. गुलाबी. वाण्याकडे दुसरा रंग शिल्लक नव्हता.

थोड्या दिवसांनी सकाळी आमच्या अंगणात आरडाओरडा झाला. पायथ्याच्या घरातली एक म्हातारी हातात लोटा घेऊन उभी होती. हिचा मुलगा मुंबईच्या गिरणीत जॉबर, कामगारांवरचा मुकादम, त्यामुळे गावात हिला मान. तिच्या घराचं एक होतं, की दर पावसाळ्यात जमिनीतून पाणी वर यायचं. चुलीपुढे, जात्यापुढे, कुठेही. पाटावर बसायचं, बाजेवर झोपायचं, असं तिचं आयुष्य गेलं. तिचे गुडघे पाऊस यायच्या आधीच पाऊस सांगायचे.

"मेल्या तात्या! माझ्या चुलीपुढं ह्ये काय वर आलं?"

तात्यांनी लोटा उजेडात धरला. घरात मुलगा झाल्याची बातमी यावी तसा चेहरा फुलला. "आलं? वयनी, चुलीच्या डाव्या अंगाला की उजव्या?"

"भात गुलाबी झाला माझा!"

"भात राहू दे हो. अंग कुठलं ते सांगा!"

"तुझं थोबाड गुलाबी करीन मी! माझ्या नातवंडांची जीभ बघ जा, होळी खेळल्यावानी झालीय!"

तिकडे देवळाच्या कुंडातही गुलाबी पाणी आलं. गुरवानं देवीला गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटले. तात्यांना सांगायला गेलो तर म्हणाले, "कुंडात पण? म्हणजे दोन वाटा आहेत." गाव आठवडाभर त्यांच्याशी बोललं नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

म्हातारीनं मात्र ही गोष्ट मुलाला कळवली. पुढल्या उन्हाळ्यात जॉबर रजेवर आला तो घड्याळाची साखळी लोंबवत, गवंडी घेऊन. आईच्या आणि शेजारच्या तीन घरांच्या मागे, डोंगराच्या अंगाला, त्यानं दगडचुन्याची पुरुषभर उंच भिंत घातली. मधोमध स्वतःच्या नावाचा दगड बसवला. अक्षरं एवढी मोठी, की ओढ्यापलीकडून वाचता यावीत. "आता एक थेंब घरात येनार न्हाय, आये," तो म्हणाला. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र भिंतीनं अडलं नाही.

भिंत पुरी झाल्याच्या दिवशी गावजेवण होतं. तात्या भिंतीला एक चक्कर मारून आले आणि पंगतीत जॉबरच्या शेजारी बसले. म्हणाले, "नाकपुड्या कुठे आहेत?"

"कुनाच्या?"

"भिंतीच्या. खालच्या अंगाला भोकं ठेवायला हवीत. पाणी आत येणारच, त्याला बाहेर जायला वाट नको?"

जॉबर पंगतीकडे वळून हसला. "तात्या, भोकंच ठेवायची तर भिंत बांधली कशाला मंग?"

पंगत खो खो हसली. खरं सांगायचं तर मलाही जॉबरचंच म्हणणं बरोबर वाटलं.  तात्यांनी उठून आपला पाट एका बाजूनं उचलला, खाली तांब्या सरकवला, उतार केला. त्यावर केळीचं पान, पानावर भाताचा भला मोठा ढीग. ढिगाच्या खालच्या बाजूला पापड आडवा उभा केला. "ही तुझी भिंत," म्हणाले आणि वाढप्याच्या हातातली कढीची पळी घेऊन भातावर ओतायला लागले.

"बघा, पितोय. काही झालं? नाही झालं. तुम्ही म्हणता, तात्या खोटं बोलतो. अजून ओतू. बघा, अजून काही नाही. भिंत कशी ऐटीत उभी आहे. अजून..."

तेवढ्यात तो सगळा ढीग, पापडासकट, एकदम, एका दमात जॉबरच्या मांडीवर जाऊन बसला. कोट नवा होता, रेशमी होता.

"असं होतं," तात्या म्हणाले आणि तपकीर काढली.

या सगळ्यातून गाव एवढंच शिकलं, की तात्यांना कढी वाढायची नाही.

मी मात्र शिकलो. त्या दिवसापासून माझी तात्यांची नक्कल पुरी झाली. अर्धवट होती ती आधीपासूनच, मिटलेल्या डोळ्याची, शिंकेची. आता भाताचा डोंगर आणि "असं होतं" हे मिळालं. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर मी तात्या व्हायचो आणि माणसं पोट धरून लोळायची. गावाला करमणूक तरी दुसरी कुठली? तात्यांच्या कानावर जायचं ते गेलंच. एक दिवस पडवीत येऊन म्हणाले, "मला वेडावतोस? खोली खाली कर."

मी ट्रंक उचलली.

"आत्ता कुठे निघालास? पाऊस थांबू दे."

त्या वर्षी पाऊस थांबलाच नाही, म्हणून माझी खोली राहिली.

खरंच तसला पाऊस मी पाहिला नव्हता. श्रावण लागला तरी ऊन म्हणून नाही. समुद्र आणि आभाळ यांच्यातली रेघ पुसून गेलेली. भातखाचरं बुडाली, लावणी वाहून गेली, लोक घरात बसून कंटाळून एकमेकांशी भांडत होते. आणि अशात म्हातारीच्या घरी गूळखोबरं वाटलं जात होतं. कारण जमीन कोरडी होती! मी गेलो तर ती चक्क जमिनीवर घोंगडी टाकून पाय पसरून बसली होती. "बघ मास्तरा, पाटाबिगर बसले. लगीन होऊन या घरात आले तवापासून पावसात आशी बसले न्हवते. रातीला भुईवरच झोपते आता. पोरानं पांग फेडलं बग."

माझ्या मागून तात्या आले होते. ते वाकले आणि त्यांनी जमिनीवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. पुन्हा चुलीजवळ ठेवला, जात्याजवळ ठेवला.

"पाणी कुठे आहे, वयनी?"

"न्हाय ना! आटलं!"

"बाहेर आभाळ ओततंय आणि तुमच्या घरात पाणी आटलं?"

"देवीची किरपा. आनि माझ्या पोराची."

"मग ते गेलं कुठे?"

"तुझ्या डोसक्यात गेलं आसंल! सुखानं बसू दे की मला!"

तात्या मागच्या दाराशी गेले. दार लागत नव्हतं. चौकट तिरकी झाल्यासारखी वाटत होती. "लाकूड फुगलंय," म्हातारी म्हणाली. आम्ही मागे गेलो. सरळसोट बांधलेल्या त्या भिंतीला मधोमध पोट आलं होतं. नेमकं जॉबरच्या नावापाशी. तात्यांनी तिथनं तसंच देवळाचं कुंड गाठलं. काचेसारखं पाणी असायचं त्यात, आता मातीनं पार चहा झाला होता. त्यांनी शिंक काढली नाही की वाक्य टाकलं नाही. 

दुपारी ते पहार घेऊन भिंतीला भोक पाडायला गेले. दोन घाव बसले नाहीत तोच चारी घरांतले बाप्ये धावले, पहार काढून घेतली.

"तात्या, जॉबर गणपतीला आला की त्याला काय सांगायचं आमी?"

"भिंत सोडा. पण घरं सोडा! आत्ता!" तात्या ओरडत होते. "देवळात जाऊन बसा!"

"दर वर्षी तुमचा डोंगर येतो. आमी किती येळा बोचकी बांधायची? जा घरी, व्हय, भिजू नका."

घरी आले ते चिंब होऊन. तपकिरीची डबीसुद्धा भिजली होती. माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "तू माझी नक्कल करतोस."

"आता नाही करत, तात्या."

"खोटं बोलू नको. कुठवर येते?"

"म्हणजे?"

"अख्खी येते का? शिंकेसकट?"

"येते."

"मग आत्ता देवळात कर. चारी घरांना बोलाव. म्हातारीला, पोरांना, सगळ्यांना. सांग, तात्या स्वतः समोर बसणार आहेत."  ते म्हणाले, "माझं ऐकून कुणी उंबरा ओलांडत नाही. माझी फजिती बघायला ओलांडतील."

"पण तात्या, डोंगर खरंच... म्हणजे मला नाही वाटत..."

"तुझा विश्वास कोण मागतंय रे? तुझं तोंड मागतोय."

बातमी पोचायला वेळ लागला नाही. पावसानं कंटाळलेलं गाव इरली घालून देवळाकडे धावत सुटलं. वर्षानुवर्षं 'निघा' म्हणून सांगून जे हललं नव्हतं, ते बोलवायच्या आत आलं. म्हातारी तेवढी अडून बसली होती. कोरडी भुई सोडून ती कशाला येतेय? पण शेजारी म्हणाला, "तात्या फुडं बसनार हाय, तोंडावर वेडावनार हाय मास्तर." तशी ती उठलीच. "उचला रे मला! त्या मेल्याची फजिती बघायला मी यमाच्या दारातनं परत येईन." तिला पाठुंगळी घेऊन आले.

आणि आयुष्यात पहिल्यांदा तात्या देवळात शिरले. सगळी बटणं लावून, अगदी पुढे, मांडी घालून बसले. देवीकडे त्यांनी पाठ केली होती, पण ते असो.

मी सुरू केलं.  ज्याची नक्कल करायची तो डोळे वटारून समोर बसला तर शिंक येते का? पण लोक हसायला लागले तसा मी रंगलो. डोंगराची झोप झाली, साहेबाचं बाळंतपण झालं, गुलाबी भात झाला. मधेच तात्यांचा आवाज, "वर! आवाज वर! मी इतका घोगरा नाही!" लोकांची हसून पुरेवाट. "शिंक लवकर आली! आधी अडव, मग सोड!" म्हातारी तर पदरानं डोळे पुसत होती.

पण नक्कल ती, केवढी लांबणार? कढी सांडून झाली, "असं होतं" म्हणून झालं. लोक उठायला लागले. कुणाला चूल पेटवायची होती, कुणाला धार काढायची. म्हातारी म्हणाली, "झालं न्हवं? न्या मला घरी. भुई कोरडी हाय माझी."

मी तात्यांकडे बघितलं. मला आणखी काही येत नव्हतं. तात्या उठले. गावासमोर उभे राहिले, एक डोळा मिटला, नसलेल्या तपकिरीची चिमूट नाकाशी नेली आणि स्वतःची नक्कल करायला लागले.

काय वाईट केली म्हणून सांगू! हात भलतीकडे, डोळा चुकीचा. स्वतः तात्या असूनही त्यांना माझ्याइतके तात्या जमत नव्हते. पण उठलेली माणसं खाली बसली. असली मजा पुन्हा कुठून मिळणार? "पाऊस पडतो त्याचं मला काही नाही," ते म्हणाले, "पडून जातो कुठे..."

तेव्हा आवाज आला. धडाड वगैरे काही नाही. पुळणीच्या वाळूवरून मोठं गलबत ओढत न्यावं, तसा लांबलचक. आम्ही बाहेर आलो तर ओढ्यापलीकडे भिंत नव्हती. म्हातारीचं स्वयंपाकघर कौलांपर्यंत तांबड्या चिखलानं भरलं होतं, शेजारच्या तिन्ही घरांच्या पाठी फुटल्या होत्या. माणूस एकही गेला नाही. एक कोंबडा गेला. त्याच्या मालकानं पुढे त्याचे इतके गुण सांगितले, की तेवढा हुशार प्राणी गावात दुसरा नव्हता असं आता सगळे मानतात.

तात्या देवळाच्या पायरीवर तशीच चिमूट धरून उभे होते. त्यांना शिंक आली. खरी. कुणी हसलं नाही.

म्हातारी त्यांच्याकडे वळली.  "मेल्या," ती म्हणाली, "आधी का न्हाय सांगितलंस?"

तात्या इरलं डोक्यावर घेऊन घरी निघाले.

जॉबर गणपतीला आला. त्याच्या नावाचा दगड खाली खाचरात सापडला, अक्षरं वर. गावच्या बायका त्यावर धुणं धुतात आता. त्यानं नवी भिंत घातली, तिला खालून ओळीनं भोकं ठेवली. तात्या रोज सकाळी एकेका भोकात बोट घालून बघायचे, वैद्यानं नाडी बघावी तसं. म्हातारीच्या घरात पुन्हा पाणी यायला लागलं, पुन्हा पाट, पुन्हा बाज. शिव्या देते. पण पावसात चुलीपुढं पहिलं पाणी वर आलं की ती दारातनं ओरडायची, "तात्या, आलं रे!" आणि तिकडून उत्तर यायचं, "कुठल्या अंगाला?" मगच दोघांना झोप लागायची.

गावाला मात्र तेव्हापासून एक सवय लागली. पाऊस जरा जास्त लागून राहिला की पायथ्याची माणसं मला विचारतात, "मास्तर, आज नक्कल हाय काय?" डोंगराला भिऊन येतो असं कुणी म्हणत नाही. नक्कल बघायला येतात. येताना पोरांना, पिंपातल्या तांदळाला आणि कोंबड्यांनाही घेऊन येतात, एवढंच. तात्या पुढे बसायचे, चुका काढायचे. देवीकडे पाठच.

गेल्या थंडीत ते गेले. डोंगराकडे पाय करून. खोली माझ्याकडेच आहे.

यंदा श्रावणात पाऊस असा लागला की भिंतीच्या सगळ्या नाकपुड्या वाहायला लागल्या. मी देवळात गेलो. सगळे आले होते. पुढची जागा रिकामी ठेवली होती, कुणी ठेवायला सांगितलं नव्हतं. मी डोळा मिटला, चिमूट धरली, वाक्य म्हटलं, शिंकलो. लोक हसले. चांगलं हसले. मलाही वाटलं, जमलं.

मागून म्हातारीचा आवाज आला. "न्हाय. शिंक लवकर आली, मेल्या. आधी अडव, मग सोड."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.